दुसरा ठोका

दमाताईला दमा नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण कारखान्यात नवीन लागलेली प्रत्येक बाई पहिल्या आठवड्यात तिच्यासाठी कुठल्यातरी डॉक्टरचा पत्ता घेऊन यायची. नाव पडलं होतं ते तिच्या तोंडी सदा असलेल्या दोन शब्दांवरून. कुणी पत्र्याची चळत धाडकन टेबलावर आपटली, की ही म्हणायची, "दमानं घ्या." सुटीची घंटा झाली आणि बायका फाटकाकडे पळाल्या, की "दमानं घ्या." चहा उतू चाललाय म्हणून घरात सासूबाई ओरडल्या, तरी उठता उठता हेच. तिचा नवरा शिंपी होता. तो गिऱ्हाइकांना हसत सांगायचा, "मला होकार द्यायला हिनं सात महिने लावले. मी तेवढ्यात चाळीस सदरे शिवले."

कारखाना बिजागऱ्यांचा. लांबलचक शेड, वर पत्रा, आणि एका रांगेत आठ प्रेस मशिनं, पिवळ्या रंगात नंबर घातलेली. दमाताई अकरा वर्षं तीन नंबरवर होती. काम सांगायला सोपं. डाव्या हातानं पत्र्याची पट्टी आत सरकवायची, पायानं पायडल दाबायचं, वरून ठोकळा धप्पदिशी खाली येऊन वर जायचा, की उजव्या हातानं बिजागरीचं कापलेलं पान बाहेर काढायचं. पानावर छोटं फुलपाखरू उमटायचं, ती कारखान्याची खूण. पान काढायला प्रत्येक मशिनपाशी लांब चिमटा दिलेला होता, पण तो खिळ्याला लटकून गंजत पडलेला. चिमट्यानं काम निम्म्यावर येतं, आणि निम्म्यावर आलं की फोरमनच्या कपाळावर आठ्या. मशिनच्या तोंडावर बसवायची जाळीसुद्धा कधीतरी काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. तिच्यावर बायका आपल्या पिशव्या अडकवायच्या.

त्या मंगळवारी जेवणाची सुटी संपून तासभर झाला असेल. दमाताईनं पायडल दाबलं, पाय उचलला, ठोकळा खाली आला, वर गेला. तिनं हात आत घातला, आणि ठोकळा पुन्हा खाली आला.

आधी दुखलंच नाही. फक्त आवाज वेगळा आला. मग शेजारच्या बाईनं किंकाळी फोडली, कुणीतरी वीज बंद केली, आणि दमाताई आपल्या पायाकडे बघत राहिली. पाय पायडलवर नव्हता, स्टुलाच्या दांडीवर होता. पुढे हॉस्पिटलात शुद्ध हरपेपर्यंत तिनं जी एक गोष्ट मनात घट्ट धरून ठेवली ती हीच: पाय दांडीवर होता.

उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारचं आणि मधलं.

तिसऱ्या दिवशी फोरमन वॉर्डात आला. हातात अपघाताची वही होती. एक ओळ आधीच लिहून आणलेली: 'कामगाराने घाईत पायडल पुन्हा दाबल्यामुळे.'

"घाईत?" दमाताई म्हणाली. "मी?"

"अहो बाई, लिहायचं असतं काहीतरी. सही करा, म्हणजे तुमचं पुढचं काम मार्गी लागेल."

"माझा पाय वर होता."

"असं सगळ्यांनाच वाटतं."

हाताला कोपरापर्यंत पट्ट्या. शेवटी फोरमननं शाईचं पॅड काढलं आणि चांगली दहावी पास झालेल्या बाईचा डाव्या हाताचा अंगठा त्या ओळीखाली उमटवून घेतला. औषधानं तिचे डोळे मिटत होते. पण अंगठ्याला लागलेली शाई ती पुढे चार दिवस बघत होती, आणि खरं सांगायचं तर बोटांपेक्षा त्या शाईनं तिला जास्त छळलं.

घरी आल्यावर भेटायला येणारा जो तो हळहळायचा आणि जाता जाता म्हणायचा, "जरा जपून करायचं ना." एके दिवशी सासूबाईंचा बांध फुटला. शेजारीण उंबऱ्यापर्यंत पोचली असेल नसेल, तोच त्या म्हणाल्या, "ज्यांची दहाच्या दहा शाबूत आहेत, ते सगळे हिच्याकडेच बोट दाखवतात! अगं, ही बाई अंघोळीला तासभर घेते. ही घाई करेल?"

दमाताई त्या दिवशी अपघातानंतर पहिल्यांदा हसली. आणि लगेच रडलीही.

दोन महिन्यांनी ती कामावर परतली तेव्हा तिला पॅकिंगच्या टेबलावर बसवलं. मोकळ्या झालेल्या तीन नंबरच्या स्टुलावर कोण बसलं होतं? तिचीच धाकटी जाऊ. जावेला बरेच दिवस काम हवं होतं, फोरमनला माणूस हवं होतं, जमून गेलं. घरात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मशीन काही चावत नाही, चूक माणसाची होते, असंच बहुतेकांच्या डोक्यात बसलेलं. दमाताईनं मात्र जावेला बाजूला घेतलं.

"चिमटा वापरशील ना?" तिनं विचारलं.

"वापरेन हो ताई," जाऊ म्हणाली, आणि तिनं तो वापरला नाही.

पॅकिंगच्या टेबलावर काम होतं पानं बघून खोक्यात लावण्याचं. दमाताई ते डाव्या हातानं शिकली. आणि एका दुपारी तिच्या हातात एक पान आलं, त्यावरच्या फुलपाखराच्या पंखांना दुहेरी कड होती. जणू फुलपाखरामागे त्याची सावली. खराब माल म्हणून ती ते टोपलीत टाकणार होती. हात तसाच थांबला.

एकदा ठोका बसला तर कड एकच उमटते. दुहेरी कड म्हणजे पान किंचित सरकल्यावर त्याच्यावर दुसरा ठोका बसला.

तिनं ते पान पदराच्या टोकाला बांधलं. मग ती डोळ्यांत तेल घालून बघू लागली. आठ मशिनांची पानं तिच्या टेबलावरून जात. सावलीवालं पान निघायचं ते फक्त तीन नंबरच्या खोक्यातून, आणि बहुतेक दुपारनंतरच्या मालात, म्हणजे मशीन चांगलं तापल्यावर. कधी आठवड्यात एक, कधी तीन. प्रत्येकाच्या मागे ती मार्करनं वार आणि वेळ लिहायची. अंगठा आणि अनामिका यांच्या चिमटीत मार्कर धरायचा, तेही ती तिथंच शिकली. सुरुवातीची अक्षरं मुंग्यांची रांग फुटल्यासारखी होती. नवऱ्यानं मापाची जुनी वही दिली. "रोज एक पान लिही," तो म्हणाला. "काहीही लिही. मला शिव्या लिहिल्यास तरी चालेल." तिनं लिहिल्या. त्यानं वाचून अक्षराचं कौतुक केलं.

डोळ्यांइतकेच तिचे कान लागले होते. आठ मशिनांच्या गदारोळात तीन नंबरचा ठोका तिला आपल्या माणसाच्या पावलांसारखा वेगळा ऐकू यायचा. धप्. मग पान काढण्याएवढी फुरसत. धप्. आणि एखाद्या वेळी मधेच, फुरसत न देता, धप्-धप्. तेव्हा ती मान वर करून जावेच्या हाताकडे बघायची. हात दर वेळी योगायोगानं बाहेर असायचा.

एकदा तिनं जावेला गाठलं. "आत्ता पायडल किती वेळा दाबलंस?"

"एकदाच."

"मग ठोके दोन का आले?"

जाऊ गडबडली. "पाय लागला असेल, ताई. मी काही बघत नव्हते."

"मलाही हेच सांगितलं होतं. पाय लागला असेल. मीही हो म्हणायच्या बेतात होते." दमाताईनं खिळ्यावरचा चिमटा काढला, पदराला पुसला आणि जावेच्या हातात कोंबला. "मशीन आपलं आपण मारतंय. उद्यापासून तुझा हात आत गेलेला मला दिसला, तर सगळ्यांसमोर तुझा कान धरीन."

"माल कमी पडला तर फोरमन..."

"फोरमनला माझ्याकडे पाठव."

फोरमन आलाच. दमाताईनं त्याच्यासमोर एकोणीस पानं मांडली. त्यानं एक उचललं, उलटंपालटं केलं आणि टोपलीत भिरकावलं. "बोटं गेली, आता डोकंही गेलं का? पट्टी हलली की असं होतं. खोकी भरा."

ती मालकांकडे गेली. मालक वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. "फिटरनं त्याच दिवशी मशीन बघितलंय," तो म्हणाला. "सगळं ठीक आहे असं लिहून दिलंय त्यानं." एवढं बोलून त्यानं काखा वर केल्या.

फिटरकाका शेडच्या टोकाला आपल्या हत्यारांच्या पेटीवर बसून चहा पीत होते. साठीच्या घरातला माणूस, कमी बोलणारा. दमाताईनं त्यांच्या पेटीवर दोन पानं ठेवली, आणि काकांनी ती बराच वेळ बघितली.

"तुम्ही उघडून बघितलं होतं?" तिनं विचारलं.

"बाहेरून बघितलं," ते म्हणाले. कप खाली ठेवला. "उघडायचं म्हणजे दोन दिवस मशीन बंद. फोरमन म्हणाला, हात फिरव आणि लिहून दे. मी लिहून दिलं." आणि मग ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, मला रात्रंदिवस ते खातंय."

त्यांनी तिला समजावून सांगितलं. आतलं मोठं चाक सतत फिरत असतं. पायडल दाबलं की एक खिट्टी सुटते, चाक ठोकळ्याला एक फेरा फिरवतं, तेवढ्यात स्प्रिंग खिट्टीला परत जागेवर ओढते आणि ठोकळा वर थांबतो. "दाराला असते तशीच खिट्टी समज. स्प्रिंगनं ती वेळेत ओढली नाही, तर दार उघडंच राहतं. ठोकळा आणखी एक फेरा मारतो. पाय असो नसो."

"म्हणजे स्प्रिंग गेलीय."

"बाहेरून दिसते तर अख्खी. उघडल्याशिवाय कसं सांगू?"

गोष्ट तिथंच अडकून राहिली असती. पण पुढच्या गुरुवारी शेडमध्ये कडाड असा आवाज झाला आणि जाऊ स्टुलावरून मागे पडली. ठोकळा दुसऱ्यांदा आला होता, आणि या वेळी चिमटा आत होता. लोखंडाचा चिमटा, करंगळीएवढा जाड, पापडासारखा चपटा होऊन वाकला होता. जाऊ जमिनीवर बसून आपले दोन्ही हात डोळ्यांसमोर धरून बघत होती. दमाताई टेबलावरून धावत आली. आयुष्यात पहिल्यांदा तिला धावताना लोक बघत होते.

"ताई," जाऊ शेवटी म्हणाली, "माझा पाय नव्हता गं. खरंच नव्हता."

"मला माहीत आहे," दमाताई म्हणाली, आणि तिला पोटाशी धरलं.

त्याच संध्याकाळी तिनं अर्ज लिहायला घेतला. सरकारी कारखाना तपासनिसांच्या कार्यालयाला. नवऱ्यानं विचारलं, "मी लिहू का? माझं अक्षर बरं आहे."

"नको. वहीत माझा अंगठा आहे. अर्जावर माझं अक्षर जाऊ दे."

दोन पानी अर्ज लिहायला तिला तीन संध्याकाळ लागल्या. खाली तिनं पूर्ण सही केली. सासूबाईंनी तो मोठ्यानं वाचून घेतला, आणि "यात फोरमनला आणखी थोडं झापायला हवं होतं," एवढीच दुरुस्ती सुचवली.

तीन आठवड्यांनी, काही न कळवता, तपासनीस आली. तिशीची बाई, पायात कापडी बूट, खांद्याला पिशवी. फोरमनचं धाबं दणाणलं, पण तो लवकर सावरला. "मशीन उत्तम आहे, मॅडम. बघा ना चालवून." वाकलेल्या चिमट्याकडे बघून तो म्हणाला, "त्या बाईनंही घाईच केली."

"मी चालवते," दमाताई म्हणाली.

अपघातानंतर ती त्या स्टुलावर बसली नव्हती. पॅकिंगला जाताना ती तीन नंबरला वळसा घालून जायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता ती सरळ चालत गेली आणि बसली. तिनं घामेजलेला हात पदराला पुसला, नवा चिमटा घेतला आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही माझ्या हाताकडे बघू नका. पायाकडे बघा."

तिनं पायडल दाबलं, आणि दोन्ही पाय उचलून स्टुलाच्या वरच्या दांडीवर ठेवले, शाळेतली मुलगी बाकावर बसते तसे. धप्. ठोकळा वर गेला, थांबला. पुन्हा. धप्. पुन्हा. पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. बायका आपापली कामं सोडून भोवती उभ्या राहिल्या. मालक घड्याळ बघू लागला. फोरमनच्या चेहऱ्यावर हसू उगवायला लागलं.

"मॅडम, आणखी किती वेळ घालवायचा?" तो म्हणाला. "झालं की समाधान."

तपासनीस दमाताईकडे वळली. "बाई, तुमचं काय म्हणणं आहे?"

दमाताईनं मान वर केली नाही. "दमानं घ्या," ती म्हणाली. "अजून तापायचंय त्याला."

कुणीतरी फिसकन हसलं. हसणं पुरं व्हायच्या आत धप्-धप् झालं.

दमाताईचे दोन्ही पाय दांडीवर होते. पायडलजवळ काही नव्हतं, मांजरसुद्धा नाही. तपासनीस जागची हलली नाही. म्हणाली, "पुन्हा करा." वीस मिनिटांत ते पुन्हा झालं, आणि मग लागोपाठ दोनदा. चौथ्या वेळी तिनं स्वतः जाऊन वीज बंद केली आणि म्हणाली, "उघडा हे."

फिटरकाका हत्यारं घेऊन उभेच होते. त्यांनी झाकण काढलं, बोल्ट सोडवले, आणि तेलानं माखलेली स्प्रिंग बाहेर काढून फडक्यावर ठेवली. दिसायला अख्खी. काकांनी दोन बोटांनी तिला पीळ दिला, आणि तिचे दोन तुकडे झाले. स्प्रिंग मधोमध तुटून तिचे वेढे एकमेकांत गुंतून बसले होते. कधी ओढ लागायची, कधी नाही. तुटलेल्या जागी गंज चढला होता, जुना, काळा पडलेला.

"हे कालचं नाही," काका मोठ्यानं म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "ताईच्या अपघाताच्या आधीचं आहे. मी उघडून बघायला हवं होतं. बघितलं नाही. माझंही नाव लिहा."

फोरमनचं तोंड चिमणीएवढं झालं. मालकानं तो तुकडा उचलला, बराच वेळ हातात धरला, आणि मग दमाताईसमोर येऊन म्हणाला, "मी तुम्हाला पाणी देऊन परत पाठवलं." दमाताईनं ते नाकारलं नाही.

वही मागवली गेली. तपासनीस बाईनं त्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं: 'यंत्रातील तुटलेल्या स्प्रिंगमुळे ठोकळा आपोआप पुन्हा खाली आला. कामगाराची चूक नाही.' वही दमाताईपुढे सरकवली. तिनं अंगठा आणि अनामिकेत पेन धरलं, आणि शेडमधल्या सव्वीस बायकांच्या देखत, एकेक अक्षर जागच्या जागी बसवत सही केली. जाऊ सगळ्यांत आधी टाळ्या वाजवायला लागली. मग आठही मशिनांच्या बायका. गंमत म्हणजे फिटरकाका टाळ्या वाजवता वाजवता डोळे पुसत होते, त्यामुळे तोंडाला सगळं तेल लागलं.

आठही मशिनं उघडली गेली. पाच नंबरची खिट्टी झिजलेली निघाली. भिंतीवरच्या पिशव्या खाली आल्या, जाळ्या परत मशिनांच्या तोंडावर बसल्या, अशा की पट्टी आत जाईल, पण हात जाणार नाही. फोरमनला गोदामात पाठवलं. आणि दमाताईला काम मिळालं, जे त्या शेडमध्ये आजवर कुणाचंच नव्हतं: सकाळी काम सुरू व्हायच्या आधी फिटरकाकांबरोबर प्रत्येक मशीन रिकामं चालवायचं, कान देऊन ऐकायचं, जाळी ओढून बघायची, आणि सगळं ठीक असेल तर त्याच्या अंगावर खडूनं बरोबरची खूण करायची, नसेल तर फुली.

नव्या फोरमननं महिन्याभरात एकदा परीक्षा घेतलीच. मोठी मागणी आली होती. तो सकाळी सातला ओरडला, "आज तपासणी राहू द्या, सुरू करा!" बायका स्टुलावर बसल्या, हात मांडीवर ठेवले आणि समोर बघत राहिल्या. आठही जणी. कुणी वाद घातला नाही, कुणी घोषणा दिली नाही. दमाताई चार नंबरपाशी जाळी ओढून बघत होती. तिनं आपल्या चालीनं आठ नंबरपर्यंत काम केलं, आणि मगच पहिला ठोका पडला. त्या दिवशीही माल वेळेत गेला, हे नव्या फोरमननं पुढे स्वतःच सगळ्यांना सांगितलं.

त्याला आता सहा वर्षं झाली. त्या शेडमध्ये कुणाच्या हाताला टाका घालायची वेळ आलेली नाही. जाऊ तीन नंबरवरच आहे आणि नव्या बायकांना पहिल्या दिवशी तो चपटा चिमटा दाखवते.

गेल्या वर्षापासून आजूबाजूच्या कारखान्यांतूनही दमाताईला बोलावणं येतं. परवा ती आणि फिटरकाका एका कुलपांच्या कारखान्यात गेले होते. तिथल्या पहिल्याच प्रेसवर एक धिप्पाड माणूस बसला होता. हिला बघून तो हसला. "बाई, हे मशीन माझं आहे. पंधरा वर्षं चालवतोय. कधीमधी डबल मारतं, पण मला आता त्याची सवय झालीय. मी हात काढून घेतो बरोबर."

दमाताईनं त्याच्या मशिनची वीज बंद केली. काकांनी झाकण उघडलं. खिट्टीची कड झिजून गोल झाली होती, कागदाएवढी उरली होती. काकांनी ती त्या माणसाच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती बघितली. मग तिच्या उजव्या हाताकडे बघितलं. मग स्टुलावरून उठून भिंतीला टेकून उभा राहिला.

"बसा," दमाताई म्हणाली. तिनं त्याला पाणी आणून दिलं, तो पिईपर्यंत शेजारी थांबली. मग पिशवीतला खडू काढला आणि मशिनवर मोठी फुली मारली.

"पुढचं कुठलं?" तिनं विचारलं, आणि शेडच्या आत चालू लागली.